फाटा

पुंता अरेनासला वारा असा, की रस्त्याकडेला
दोर बांधावे लागतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
तसलेच जुने दोर मागितले नेलिदाबाईंनी.
मी शाळेचा शिपाई. दिले काढून.
वाटलं, रस्सीखेच असेल.

पण त्यांनी पोरांच्या छातीवर आकडे टाचले
आणि पटांगणात झाड उभं केलं दोरांचं,
उलटं. मूळ वर, पायऱ्यांपाशी,
फांद्या खाली, समुद्राच्या अंगाला.

मुळाशी पन्नास.
ती सगळ्यांत मोठी नव्हे, हुशार तर नव्हेच,
घर समोर म्हणून आधी पोचली, इतकंच.
मागून येईल त्यानं वरून सुरुवात करायची,
दर पोरापाशी थांबायचं:
मी याच्याहून लहान? डावीकडे. मोठा? उजवीकडे.
आणि जिथं पुढं कुणीच नाही
तिथं दोराचं टोक धरून उभं राहायचं.
तीस आला, सत्तर आली, मग चाळीस,
पस्तीस, पंचेचाळीस.
साठ उशिरा, नाक पुसत.

बाई म्हणाल्या, पस्तीस आणि पंचेचाळीस.
दोघांचा सगळ्यांत जवळचा सामाईक पूर्वज कोण?
पोरं खालून वर धावायला निघाली.
"खालून नाही रे. वरून या.
इथं खालच्याला वरचं दिसत नसतं."

दोघं पन्नासहून लहान. डावीकडे.
दोघं तीसहून मोठे. उजवीकडे.
चाळीसपाशी एक इकडं, एक तिकडं.
"बस. थांबा.
इथवर दोघांची वाट एकच होती.
याच्या पुढं शोधाल तर एकटाच कुणीतरी भेटेल."
पस्तीसचं तोंडसुद्धा बघावं लागलं नाही.

मी झाडू घेऊन उभा होतो.
पलीकडे, सामुद्रधुनीच्या त्या काठाला, पोर्वेनिरमध्ये
माझा भाऊ आन्सेल्मो राहतो.
एकोणीस वर्षं बोलणं नाही.
कुणी विचारलं तर मी सांगतो: बोटीवरून.
बाप चिलोएहून घेऊन आला होता ती बोट.

मग मीही वरून सुरुवात केली.
बाप. दोघं एका बाजूला.
आईची तिरडी नव्हती, पेटी होती,
पुढची दोन टोकं आम्हा दोघांच्या खांद्यांवर. एका बाजूला.
खेकडे आटले तो हिवाळा,
एकच कोट, आळीपाळीनं घातलेला. एका बाजूला.
इंजिन फुटलं, आणि बोट विकायची गोष्ट निघाली.
इथं असेल म्हटलं फाटा.
पण नाही, त्या रात्रीही दोघं एकाच टेबलाशी,
एकाच बाटलीवर, उद्या ठरवू म्हणत.

तेवढ्यात बाईंनी दुसरा प्रश्न टाकला:
तीस आणि पंचेचाळीस.
पोरं ओरडली, पन्नास! पन्नास!
"का बरं? पन्नासपाशी कुठं फुटली वाट?
तीसपाशी या. दोघांतला एक इथंच उभा आहे.
उत्तर तीस.
कधीकधी ज्याला शोधायचं तोच फाटा असतो."
तीस नंबरचा पोरगा, व्लाहोविचांचा,
कान लाल करून हसला.

मी हसलो नाही.
त्या उद्याच्या सकाळी आन्सेल्मो समुद्रावर होता
आणि गिऱ्हाईक घाईत होतं
आणि मी सही केली.
एकट्यानं.
एवढी वर्षं मी फाटा वर शोधत होतो,
बापात, बोटीत, नशिबात.

घंटा झाली. पोरं पांगली, आकडे वाऱ्यावर.
सत्तर तर थेट कुंपणाच्या तारेला जाऊन चिकटला.
दोर गुंडाळायला घेतले.
तीसच्या जागची गाठ भिजून आवळली होती,
बोटं बधिर, नखं लागेनात.
चाकू होता खिशात. काढला नाही.

पोर्वेनिरची बोट सकाळी नऊला सुटते.
वारा असला तर सुटत नाही.